दोनशे मीटर आधी

तो दुकानात शिरला तो थेट हॉर्नच्या स्टँडवर. सात-आठ हॉर्न खणाखण खाली आले, त्यातला रबरी पोंगा तर पडता पडता बोंबललासुद्धा! स्टँड दाराच्या उजव्या अंगाला, चांगला पुरुषभर उंच. आणि हा बाबा सरळ माझ्याकडे बघत चाललेला. आता सव्वीस वर्षांच्या पोरीनं याचा काय अर्थ काढावा? मी तोच काढला.

"अवो भाऊ, डोळे घरी ठेवून आले का?" मी काउंटरमागून ओरडले.

तो खाली बसून हॉर्न गोळा करत होता. मान वर करून हसला. "घरून आणले होते जी... इथी येऊन अडकले."

मी गप्प! हर्षा गप्प बसली असा दिवस आमच्या घरी कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

विनोदभाऊंचं हे दुकान गडचिरोलीच्या बसस्टँडजवळच आहे. सीट कव्हर, हॉर्न, गाडीतले टेप, आरसे असा सगळा पसारा. काउंटर आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. गिऱ्हाइकाशी भांडायचं कामही माझ्याचकडे, असं विनोदभाऊ म्हणतात.

"काय पाह्यजे?" मी आवाज जरा ताठ केला.

"ते रस्ता सांगणारी मशीन राह्यते ना... काचेले चिपकवाची. ते पाह्यजे."

"मोबाईल नाई का तुमच्याजवळ?"

"आहे ना. पण घोटच्या पुढं जंगलात रेंज नाई राह्यत. अन् कोणाचा फोन आला का मोबाईल रस्ता सांगाचं सोडून देते."

"कुठी जाता पण तुम्ही?"

"कुठीच नाई," तो म्हणाला. "चामोर्शीच्या शाळेतल्या पोरायची जीप चालवतो. बारा पोरं आहेत. जंगलातल्या टोल्या-पाड्यायवरून आणाची अन् नेऊन सोडाची. सहा वर्षं झाले."

मला हसू आवरेना. "सहा वर्षं तोच रस्ता, अन् रस्ता सांगाले मशीन? लेकीनं माहेरचा पत्ता इचारावा तसं झालं हे तं!"

तो मात्र हसला नाही. "बोलणारी पाह्यजे," एवढंच म्हणाला. "जोरात बोलणारी."

"जोरात बोलणारी तं मी बी आहे."

"हाव... पण तुमाले काचेले कसं चिपकवू?"

मागं विनोदभाऊ खोकले. मी वरच्या फळीवरचा खोका काढायला स्टुलावर चढले, कारण माझं तोंड लाल झालं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. तो जीपीएस दोन वर्षांपासून तसाच पडून होता. फुंकर मारली तर धुळीनं मलाच ठसका लागला.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. नकाशा आतच असतो, रेंजची गरज नाही. आवाज हिंदीत, बाईचा. एखादी जागा नकाशात नसेल तर तिथं उभं राहून बटण दाबायचं, नाव टाकायचं, की झाली साठवून. मग पुढच्या खेपेला ती जागा यायच्या दोनशे मीटर आधी यंत्र सांगतं.

"दोनशे मीटर आधी?" त्यानं विचारलं.

"हो."

"पक्कं दोनशे? त्याच्या आत नाई ना सांगत?"

असं त्यानं तीनदा विचारलं. मला वाटलं, काय काळजी घेणारा माणूस आहे!

"पण तुमच्या टोल्यायची नावं यात नसतील," मी म्हटलं.

"टोल्यायची नाई पाह्यजे. झाडायची पाह्यजे."

तेव्हा कळलं. त्या बाजूला मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. त्याची फुलं त्याच घरानं वेचायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि पोरं शाळेच्या गाडीची वाट बघतात ती आपापल्या मोहाखाली. नथ्थूचा मोहा, गुणाबाईचा मोहा, बुधरीचा मोहा... असे नऊ मोहे, नऊ थांबे. पाट्या नाहीत, खुणा नाहीत. मला हे इतकं आवडलं की मी पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचंच विसरले. मग मलाच विचारावं लागलं.

"आदेश," तो म्हणाला. "अन् एक सांगू का? ते भाऊ नका म्हणू."

पुढच्या दोन आठवड्यांत आदेश चारदा आला. एकदा काचेवरची पकड सुटली म्हणून, एकदा आवाज कमी वाटतो म्हणून, एकदा वायर बदलायला. चौथ्यांदा तर काही कारणच नव्हतं. "इकडून चाललो होतो," म्हणाला. चामोर्शी तीसेक किलोमीटर लांब... आणि हा इकडून चालला होता!

मी कानात झुमके घालायला लागले. आईच्या लक्षात आलं, पण ती बोलली नाही. ती दवाखान्यात नर्स आहे, दुखणं कुठलं हे आधी बघते आणि मग बोलते.

आणि तो बघायचा कसा ते सांगते. माणसं बोलताना इकडेतिकडे बघतात, रस्त्यावर, मोबाईलमध्ये, छताकडे. आदेशची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही. मी काउंटरच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले की त्याची अख्खी मान माझ्यामागं वळायची. एकदा मी बाजूनं चहाचा कप पुढं केला. कप धरून उभी, आणि हा आपला माझ्याकडे बघतोय... बघतोय... घेतच नाही! शेवटी म्हटलं, "थंडा होऊन राह्यला." तेव्हा दचकला आणि अर्धा चहा पावती-पुस्तकावर सांडला.

विनोदभाऊ नंतर म्हणाले, "हर्षाबाई, पोरगं पुरतं गेलं."

मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

मार्चच्या शेवटी त्यानं विचारलं, जरा अडखळतच, "एक काम होतं... ते झाडं साठवाची राह्यलीच अजून. मशीनवरचे अक्षरं लय लहान आहेत. तुम्ही येसान का, इतवारी? तुम्ही बटण दाबा, नावं टाका. मी गाडी चालवतो."

"एवढी घाई काऊन?"

"एक तारखेपासून सकाळची शाळा. पाचले गाडी काढा लागते, अंधारात. अन् मोहा पडून राह्यला... सारं गाव टोपल्या घेऊन अंधारातच निंघते. रस्त्यानं माणसंच माणसं." तो थांबला. "म्हणून म्हटलं, आधीच सांगणारं कोणी असलं तं बरं."

मी आईला दुकानाचं काम आहे असं सांगितलं. अर्धं खरंच होतं ते.

रविवारी तीन वाजता आम्ही निघालो. रिकाम्या जीपमध्ये मागं एक पाण्याची बाटली गडगडत होती, कुण्या चंचलची, नाव लिहिलेलं होतं. चामोर्शी मागं पडली, धानाचे मोकळे बांध मागं पडले, आणि घोटनंतर जंगल सुरू झालं. मोहाचा तो वास... गोड, जड, जरा आंबूस. डोक्यात चढतो. की माझ्या डोक्यात आधीच काही चढलेलं होतं, कोण जाणे!

प्रत्येक झाडाखाली तो गाडी थांबवायचा, मी बटण दाबायची. नथ्थूचा मोहा. साठवला. गुणाबाईचा मोहा. साठवला. सातव्या झाडाखाली त्यानं खाली उतरून एक फूल उचललं, पिवळंसर, रसानं फुगलेलं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"खा."

"नशा येते म्हणते."

"एका फुलानं नाई येत."

मी खाल्लं. खोटं बोलत होता तो.

"एखाद्या झाडाले तुमचं नाव टाका ना," तो म्हणाला.

"हर्षा नावाचं झाड कुठी आहे इथी?"

"लावू."

एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. मला वाटलं आता हे झालंच... आता आयुष्याचं ठरलंच.

नववं झाड साठवेपर्यंत सूर्य कलला. जंगलात संध्याकाळ फार थांबत नाही, बघता बघता उजेड आटतो. परतताना आदेशचं बोलणं कमी कमी होत गेलं. त्यानं दिवे लावले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, छातीजवळ ओढल्यासारखं. मी म्हटलं, "काऊन गप्प झाले?" तर म्हणाला, "तुम्ही बोला ना. मी ऐकतो."

मी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डावीकडच्या झाडीतून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावर आली. मला ती चांगली दिसत होती. गाडी मात्र हळू होत नव्हती.

"आदेश!" मी किंचाळले. "बाई! बाई आहे समोर!"

त्यानं करकचून ब्रेक दाबला. बाई मागं पडली, टोपली उडाली, आणि दिव्यांच्या उजेडात रस्ताभर मोहाची फुलं पसरली. मी उडी मारून धावले. ती बुधरीबाई निघाली, जिचा मोहा आम्ही आत्ताच साठवला तीच. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. उठून बसली आणि आदेशला बघून तिनं तोंड सोडलं, "काऊन रे? आंधळा झाला का? एवढी मोठी बाई नाई दिसली तुले?"

आदेश खाली बसला आणि फुलं वेचायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते. तो फक्त नाकासमोरची वेचत होता. गुडघ्याशेजारी ढीगभर पडली होती, त्यांच्यावरून त्याचा हात चाचपत जायचा, चुकायचा, परत यायचा.

आणि मग मला एकेक करून सगळं कळलं. हॉर्नचा स्टँड. चहाचा कप. ती वळणारी मान.

बुधरीबाईला तिच्या दारापर्यंत सोडून मी परत आले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंधारात तं लहानपणापासूनच कमी दिसते. घरी म्हणत, रातांधळं आहे, काळीज खाऊ घाला. बापाले बी तेच, मले बी तेच. दर बुधवारी बकऱ्याचं काळीज... पंधरा वर्षं खाल्लं." तो जरासा हसला, रडण्यापेक्षा वाईट. "मागच्या दिवाळीत नागपूरले दाखवलं. डॉक्टर म्हणे, हे काळजानं जाणारं नोय. बाजू-बाजूनं मिटत जाईन अन् मंग मधलं बी. औषध नाई म्हणे. बापाचं पंचेचाळीसले पुरं गेलं."

"अन् तुमी पोरायची गाडी..."

"दिवसा दिसते ना. समोरचं दिसते. म्हणून तं मशीन घेतली, थांबा आधी सांगन म्हणून. एकच महिना, हर्षा. सुटी लागेपर्यंत."

"मशीन झाडं सांगते, आदेश. माणसं नाई सांगत."

त्यानं डोकं परत स्टिअरिंगवर टेकलं. आणि मी एवढी स्वार्थी, की त्या वेळीही मला माझंच पडलं होतं. मी विचारलं, "पहिल्या दिवशी दुकानात... तुमी मायाकडे पाहून राह्यले होते, का तुमाले तेवढंच दिसत होतं?"

त्यानं पूर्ण मान वळवली. "स्टँड नाई दिसला. खरं सांगतो. पण जेवढं दिसते ना, तेवढ्यात तू होती. मंग मी तेवढ्यातून तुले जाऊ नाई देलं."

मी रडले. तोही रडला असेल, अंधार होता. मग त्यानं चाचपून माझा हात धरला आणि म्हणाला, "तू येशीन का माया बाजूले? रोज? तू सांगत जा, मी चालवतो. लग्न करू. आयुष्यभर बाजूले बस."

अशी मागणी मला कुणी घातलेली नव्हती आणि पुढं कुणी घालेल असं वाटत नाही. मला हो म्हणायचं होतं. जीव तोडून हो म्हणायचं होतं. पण मागं ती चंचलची बाटली होती.

"लग्नाले हो," मी म्हटलं. "गाडीले नाई."

त्यानं हात सोडला. चामोर्शीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये आलो, मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता सांगत. तिथून मी शेवटच्या बसनं घरी आले.

आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे दुखणं जात नाई, हर्षा. तू त्याले धरशीन का सोडशीन ते तुयं तू पाह्य. पण बुधवारी एक तारीख आहे."

सोमवारी फोन केला. म्हटलं, "शाळेच्या मोठ्या बाईंना तुमीच सांगा. आजच. नाई तं मी सांगीन."

"तू नाई सांगणार," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी खात्रीनं. "तुयाशिवाय कोणालेच मालूम नाई हे. घरच्यायले बी सारं नाई सांगतलं. तुले सांगतलं... कारण तू आहे."

तेच तर दुखत होतं.

मंगळवारी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग बस धरून चामोर्शीला गेले. मोठ्या बाईंच्या समोर बसले आणि सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. त्या खुर्चीत मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "चांगला पोरगा हो तो. पोरं त्याच्याबिगर गाडीत बसत नव्हती." मी मान हलवली. बाहेर मैदानात त्याची जीप उभी होती, पोरं तिच्यात एकमेकांना ढकलत चढत होती, आणि तो दाराशी उभा राहून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होता. मी भिंतीच्या आडून निघून आले.

त्यानंतर नऊ दिवस फोन लागला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी तो दुकानात आला, या वेळी हात पुढं करून, हळूहळू. स्टँड मी आधीच हलवून मागं ठेवला होता. त्याला कळलं का माहीत नाही. विनोदभाऊ बाहेर पानठेल्यावर गेले.

"बसनं आलो," तो म्हणाला. "जीप आता मिथुन चालवते. नवा आहे, रस्ता बिलकुल मालूम नाई त्याले. मशीन त्याले देली. कामी येऊन राह्यली म्हणे."

"आदेश, मी..."

"मले मालूम होतं तूच सांगतलं." त्यानं काउंटरची कड धरली. "पोरायले काही झालं असतं तं मी जगलो नसतो. हे बी मालूम आहे. तू बरोबर केलं. पण राग आला, हर्षा. दुसऱ्या कोणी सांगतलं असतं तं एवढा नसता आला."

"मंग राग धरा. पण लग्नाले मी हो म्हटलं होतं. ते अजून हो आहे."

त्यानं मान हलवली. "मायनं बापाले वीस वर्षं हात धरून फिरवलं. वावरात, बाजारात, संडासले. मी पाह्यलं ते. तुले तसं नाई करू देणार."

"माया हात आहे. कोणाचा धराचा ते मी ठरवन."

"अन् मी कोणाले धरू द्याचा ते मी." आवाज फुटला त्याचा. "चंद्रपूरले, ऊर्जानगरात मोठा भाऊ राह्यते, त्याच्याकडे चाललो. तिथी काहीतरी शिकतो, काहीतरी करतो. तुयाजवळ आलो तं मले स्वतःच्या पायानं याचं आहे. आता तं तुले पाह्यलं का मले फक्त... मायी गाडीच आठवते."

जोरात बोलणारी मी! मी हळूच म्हटलं, "मले तुमी आवडता. एवढं घेऊन जा."

"तेवढंच घेऊन चाललो," तो म्हणाला.

बसस्टँडपर्यंत मी बरोबर गेले. हात धरला नाही. तो अर्धं पाऊल मागं चालत होता आणि मी मुद्दाम चपला वाजवत होते, त्याला ऐकू जावं म्हणून. चंद्रपूरची बस लागलेलीच होती. तो चढला, दांडा धरत धरत आत गेला, खिडकीशी बसला.

मग त्यानं खिडकीतून मला शोधायला सुरुवात केली. मी मागच्या चाकाजवळ उभी होते, हात वर करून. पण तो बघत होता तो पुढं, पाण्याच्या टाकीकडे. तिथं कुणी नव्हतं. त्याची मान थोडी इकडे वळली, थोडी तिकडे, परत टाकीवर आली. मला हाक मारता आली असती. नाही मारली. हाकेनं त्याला कळलं असतं की मी कुठे आहे, पण त्याला मी दिसायला हवी होते.

गर्दीतून वाट काढत मी टाकीपाशी गेले. तो जिथं बघत होता, बरोबर तिथं जाऊन उभी राहिले. त्याचा चेहरा बदलला. त्यानं खिडकीच्या गजांतून बोटं बाहेर काढली.

कंडक्टरनं घंटी दिली. बस वळली, फाटकातून बाहेर पडली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथून हलले नाही.